धैवताचा सापळा

'चौदा मात्रा' मासिकाचा पहिला अंक गुरुपौर्णिमेला निघणार आणि त्यातलं एक अक्षरसुद्धा आधी बाहेर फुटणार नाही, अशी घोषणा आनंदा या संपादकाने केली तेव्हा ती ऐकायला खोलीत एकटी शालू होती. तरी त्याने आधी दार लावून घेतलं आणि मग खिडकी.

"आता बोल लवकर," शालू पदराने वारा घेत म्हणाली. "मी गुदमरायच्या आत बोल."

शालू त्याची मावसबहीण. राहायला दोघं ठाण्याला नौपाड्यात, आणि गाणं शिकायला कल्याणला धोंडीबुवांकडे. शिकायचं तेही धृपद-धमार! पंचावन्न साली ठाणे, कल्याण आणि डोंबिवली मिळून धमार ऐकणारी माणसं किती, याची आनंदाने मोजदाद केलेली होती. बेचाळीस. त्यात सहा बुवांचे नातेवाईक, आणि दोघे भजन आहे असं समजून यायचे. या बेचाळीस जणांसाठी विद्यार्थ्यांनी काढलेलं महाराष्ट्रातलं पहिलं मासिक!

मासिकाची मांडणी आनंदाने स्वतः आखली होती. धमाराच्या तालाला चौदा मात्रा, म्हणून प्रत्येक पानावर ओळी चौदा. पहिली ओळ ठळक, कारण तिथे सम. आठवी ओळ कोरी, कारण तिथे खाली, म्हणजे टाळीविना जाणारा काल.

"संपादक, लेख मधेच खड्ड्यात पडल्यासारखा दिसतो," छापखान्याचा मालक काळुराम म्हणाला होता. खिळे जुळवायचे, यंत्र चालवायचं आणि गिऱ्हाइकाला थापा द्यायच्या, ही तिन्ही कामं तो एकटाच करी.

"तो खड्डा नाही, काळुराम. तो काल आहे. जाणकाराला कळेल."

"आणि मुखपृष्ठावर तंबोरा पाह्यजे म्हणता. तंबोऱ्याचा ब्लॉक नाय आपल्याकडे. बियाण्याच्या जाहिरातीतला भोपळा हाय. त्याच्यावर पितळी पट्ट्यांची दांडी उभी करतो. तारा पण काढतो चार."

भोपळ्याला देठ होता आणि देठाला एक पान होतं. पण तंबोरा शेवटी भोपळ्याचाच, असं म्हणून आनंदाने मान्यता दिली.

आनंदाचा जीव अडकला होता तो वेगळ्याच गोष्टीत. अंक पसंत पडला तर गुरुपौर्णिमेला त्याच्या मनगटावर शिष्यत्वाचा गंडा बांधायचं बुवांनी कबूल केलं होतं. ज्याला गंडा, त्याला आतली सतरंजी आणि घराण्याच्या खऱ्या चिजा. ज्याला नाही, तो दाराशी चपलांजवळ. आनंदा चार वर्षं चपलांजवळ बसत होता. कुणाची चप्पल कोणत्या बाजूने झिजते, हे त्याला तालापेक्षा पक्कं ठाऊक झालं होतं!

अंकासाठी बुवांनी एक चीज दिली, तीसुद्धा किती जपून! आधी रखमाबाईंना, म्हणजे आपल्या पत्नीला, मागच्या अंगणात पाठवून कुणी ऐकत नाही ना याची खात्री करून घेतली. मग स्वरलिपी सांगितली.

"बुवा, रागाचं नाव?"

"नावाशी काय करायचंय? छाप, 'राग : बुवांस विचारावा.'"

त्या दिवसापासून आनंदाला सगळ्यांचा संशय यायला लागला. विशेषतः पोपटचा.

पोपट डोंबिवलीचा. बुवांच्या वर्गात नुकताच आलेला, चपलांच्याही पलीकडे बसणारा. तोसुद्धा एक मासिक काढणार आहे, अशी आवई उठली होती. ती कुणी उठवली ते आनंदाला आठवत नव्हतं, बहुधा त्यानेच. पण पुरावे बघा ना! पोपट छापखान्याच्या दारात तीनदा घुटमळला. "अरे आनंदा, मी ते अंकाबद्दल…" एवढं तो बोलतो न बोलतो तोच आनंदाने त्याला तिन्ही वेळा हाकलला. आणि कल्याणात बुवांच्या घरामागच्या बोळात पोपट दोनदा दिसला, दोन्ही वेळा हातात गवताची पेंढी!

"त्याच्या घरी गाय आहे?" आनंदाने शालूला दरडावून विचारलं.

"नाही."

"बैल?"

"दुसऱ्या मजल्यावर राहतात रे ते!"

"मग गवत कशाला?"

शालू हसायला लागली. आनंदाला तिचाही थोडा संशय आला.

त्याने चोख बंदोबस्त केला. मुखपृष्ठाचा कच्चा छाप पोह्यांच्या डब्यात तळाशी ठेवला. त्या रविवारी पोह्यांना शाईचा वास आला, पण गुप्तता राहिली. प्रकाशनाची तारीख प्रत्येकाला वेगळी सांगितली. गुरुपौर्णिमा होती मंगळवारी. शालूला सांगितलं, लांबणीवर पडलं. काळुरामला सांगितलं, शुक्रवारी सकाळी अंक हातात हवा. यात हिशेब असा, की छापखानेवाला चार दिवस उशीर करतोच; शुक्रवार म्हटलं की मंगळवार उजाडतो!

आणि शेवटी त्याने सापळा लावला.

बुवांच्या चिजेत अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत कोमल धैवत होता. स्वर कोमल असला की अक्षराखाली आडवी रेघ छापतात. काळुरामने त्या 'ध'खाली पितळेची बारीक पट्टी बसवली होती. बुधवारी काळुराम चहाला गेलेला पाहून आनंदाने चिमट्याने ती पट्टी उपसली आणि तिच्या जागी शिशाची बुटकी पट्टी सारली, जी कागदाला टेकतच नाही. झाला धैवत शुद्ध! आनंदाने ती ओळ मनातल्या मनात म्हणून पाहिली आणि त्याच्या अंगावर काटा आला. इतकी बेसूर! मग तो चुकीचा छाप काढून त्याने दाराजवळच्या बाकावर पोपटसाठी मुद्दाम ठेवून दिला. उद्या पोपटच्या मासिकात हीच चीज शुद्ध धैवतासकट आली की चोर मुद्देमालासह सापडला! शनिवारी येऊन पितळी पट्टी परत बसवायची की काम फत्ते. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. सांगणार कुणाला? विश्वासाचं माणूस होतंच कोण!

शनिवारी आनंदा खिशात पितळी पट्टी घेऊन छापखान्यात शिरला. यंत्र थंड होतं. खिळे आपापल्या खणांत परत गेले होते. मेजावर सुतळीने बांधलेला गठ्ठा होता आणि त्यावर देठ आणि पानासकट भोपळ्याचा तंबोरा.

"शुक्रवार म्हणलात ना? गुरवारीच छापला!" काळुराम छाती फुगवून म्हणाला. "वीस वर्षांत पैल्यांदा टायमावर काम केलंय. देवाचं काम म्हटलं!"

आनंदा बाकावर बसला.

"किती प्रती?"

"दीडशे. त्यातली एक बुवांना देऊन आलो. पैली प्रत गुरूला, रीत हाय आपली! विठ्ठलवाडीला सासुरवाडीला गेलेलो काल, वाटेत कल्याणला उतरलो. बुवा नाशकाला गेलेत, मंगळवारी सकाळी येणार. बाईंनी अंक तंबोऱ्यासमोर ठेवला. हळदकुंकू वाहिलं त्याला."

आनंदाने शालूला सगळं सांगितलं. ती पाच मिनिटं हसत होती. मग तिने दौत-टाक आणला.

"रेघच राहिलीय ना? ओढ!"

शनिवार-रविवार दोघांनी एकशे एकोणपन्नास प्रतींमधल्या एकशे एकोणपन्नास धैवतांखाली रेघा ओढल्या. शालूच्या सरळ आल्या. आनंदाच्या धैवतांखाली अळ्या वळवळत होत्या. राहिली एक प्रत. हळदकुंकू वाहिलेली.

मंगळवारी सकाळी तो शालूला आणि अंकांचा गठ्ठा घेऊन कल्याणला पोचला. बुवा आले होते. तंबोरा मांडीवर, डोळे मिटलेले, खुंटी पिळणं चाललेलं. पुढ्यात तबक, तबकात लाल-पिवळा दोरा. आणि तबकाशेजारी तो अंक! शिष्य दोन-दोन करून येत होते. पोपट चपलांपलीकडे आधीच बसलेला होता. त्याच्या सदऱ्याला गवताची काडी चिकटलेली होती. आनंदाने ती टिपून ठेवली.

बुवांचे डोळे मिटलेले पाहून आनंदा नमस्काराला वाकला. वाकल्या वाकल्या ती बिनरेघेची प्रत सदऱ्यात आणि सदऱ्यातली रेघेची प्रत तबकाशेजारी! हात इतका सफाईने चालला की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

"सदऱ्यातलं बाहेर काढ," बुवा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

आनंदाने अंक काढला. त्याच्या पोटाला कुंकू लागलं होतं.

"दोन्ही उघड. अंतरा. दुसरी ओळ." बुवांनी आता डोळे उघडले. "या प्रतीत 'ध'खाली रेघ आहे. हाताने ओढलेली. या प्रतीत नाही. मी तुला काय सांगितलेलं?"

"कोमल, बुवा."

"कोमलच सांगितलेलं. कारण छापायला द्यायची चीज कुणी खरी देतं काय? माझ्या गुरूंनी मला अकरा वर्षं कोमल गायला लावला. खरा धैवत शुद्ध आहे! तो या घराबाहेर कुणालाही ठाऊक नाही. मग तो ठाण्याच्या छापखान्यात पोचला कसा?"

शालूने तोंडाला पदर लावला.

"तू तो चोरून ऐकलास," बुवा म्हणाले. "छापलास. मग घाबरलास आणि रेघा ओढत बसलास. खरं की नाही?"

"नाही बुवा!"

"लाजतोस कशाला?" बुवांचा आवाज एकदम उतरला. त्यांनी तंबोरा बाजूला ठेवला. "अरे, मला तरी खरा धैवत कुणी दिला? गुरूंच्या खिडकीखाली कडब्याच्या गंजीत बसून मी तो उचलला. आमच्या घराण्यात विद्या देत नाहीत, घेतात. चार वर्षं वाट पाहत होतो, की या दाराशी बसणाऱ्यातला एक तरी चोर निघेल. ये पुढे. हात दे."

बुवांनी तबकातला दोरा उचलला.

आनंदाचा हात अर्धा पुढे गेला, आणि तिथेच थांबला. बुवा इतके गोड बोलतात कसे? चार वर्षांत जो माणूस त्याच्याशी "दार लाव" याच्यापलीकडे बोलला नव्हता, तो आज चोराला गंडा बांधतोय? सापळा! स्वच्छ सापळा! हात पुढे केला की कबुली झाली, आणि दोऱ्याऐवजी मनगटच धरतील! सापळा ओळखायला सापळा लावणाराच लागतो.

"नाही बुवा! मी चोर नाही!" तो ओरडला. "शपथेवर सांगतो, मी काही ऐकलं नाही! मी तो स्वर मुद्दाम चुकीचा घातला! चोर पकडायला!"

आणि त्याने सगळं सांगितलं. बुवा ऐकत होते. दोरा त्यांच्या हातात लोंबत होता.

"म्हणजे," बुवा अगदी सावकाश म्हणाले, "मी दिलेला खोटा धैवत तुला गोड लागला."

"हो बुवा. फार."

"आणि खरा लावून पाहिलास, तेव्हा?"

"काटा आला अंगावर! कुणालाही कळेल अशी चूक शोधून काढली होती मी!" आनंदा अभिमानाने म्हणाला. शालूने त्याला चिमटा काढला, पण तो उशिरा पोचला.

बुवांनी दोरा तबकात परत ठेवला. हळूच, जसं मेलेलं फुलपाखरू ठेवतात.

"असल्या कानाच्या माणसाला गंडा बांधू मी?"

मग चपलांपलीकडून एक खोल गेलेला आवाज आला.

"बुवा… तुमच्या मागच्या गोठ्यात मी असतो."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. पोपट उभा होता.

"तुमच्या रियाजाच्या खोलीची खिडकी गोठ्यात उघडते ना. मी गाईला गवत घालतो, म्हणजे ती हंबरत नाही. सहा महिने झाले. धैवत शुद्ध आहे ते मला ठाऊक होतं. बाकावरचा छाप पाहिला तेव्हा वाटलं, आनंदालाही कळलंय! त्याआधी वर्गणीदार व्हायला तीनदा गेलेलो, तर हा आत घेईना."

"तरीच!" आतल्या दारातून रखमाबाई म्हणाल्या. "गाय दूध वाढवून देतेय, आणि मी म्हणतेय पेंडीचा गुण!"

"म्हणून दाखव ती ओळ," बुवा म्हणाले.

पोपटने म्हटली. शुद्ध धैवतावर तो असा उभा राहिला, की बुवांची मान आपोआप हलली. आनंदाच्या अंगावर मात्र काटाच आला.

लाल-पिवळा दोरा पोपटच्या मनगटावर बसला. पोपट आतल्या सतरंजीवर बसला. आनंदा चपलांजवळ बसला. त्याच्या कामाची वाखाणणीही झाली, नाही असं नाही. बुवांनी गठ्ठ्यातली एक प्रत डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "या रेघा राहू देत. आता कुणाच्या बापाला खरी चीज कळायची नाही. फार उत्तम काम केलंस." बिनरेघेची प्रत मात्र त्यांनी पेटीत घालून कुलूप लावलं.

परतताना दोघं गाडीत बसली.

"एक मात्र मान," आनंदा म्हणाला. "पोपट चोर आहे, हे मी पहिल्यापासून सांगत होतो."

"सांगत होतास," शालू म्हणाली. "कान सोडून तुझं सगळं तयार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदा एकटाच कल्याणला गेला. हातात गवताची पेंढी होती, चांगली कोवळी, निवडून घेतलेली. मागच्या बोळातून वाकून तो गोठ्यात शिरला. खिडकी आतून बंद केलेली होती. गाईने मान वळवली, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, पेंढी हुंगली, आणि एक पाऊल मागे सरून ती मोठ्याने हंबरली.