परबकाकांचा बाबलो

परबकाका कुणाकडेही गेले, की आधी त्यांच्या खिडकीच्या पडद्याला गाल लावतात. मग चहा. गाल लावून एक डोळा मिटतात आणि निकाल देतात, "अजून धा मिनटां होयी होती." त्या घरच्या बाईने पडदा गेल्या दिवाळीत धुतलेला असतो, त्यामुळे तिला यातलं काही कळत नाही.

माझ्या लग्नात त्यांनी कहरच केला. अंतरपाट धरायला घरचं माणूस म्हणून मी त्यांनाच उभं केलं होतं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि कापडापलीकडून मला हुंदक्यासारखा आवाज आला. वाकून बघते तर काकांनी तोंड अंतरपाटात खुपसलेलं. मला वाटलं, काका रडतायत. म्हणून मी रडले. मी रडले म्हणून आई रडली, आईला बघून आत्या आणि आत्याला बघून अख्खी पहिली रांग. एवढं झाल्यावर काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाय, अंतरपाट दमट हा. हुंगून बघलंय."

हे काका आमच्या लॉन्ड्रीत ड्रायर बघत. मी तिथली सुपरवायझर. भायखळ्याच्या गल्लीतली आमची लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. हॉटेलांच्या चादरी, इस्पितळांचे गाऊन, टॉवेलांचे ढीगच्या ढीग. धुऊन झालं की सगळं खोलीएवढ्या ड्रायरमध्ये जातं आणि गरम हवेत गरगर फिरतं. चादरींना चाळीस मिनिटं, टॉवेलांना पन्नास. टायमर लावायचा आणि गप्प बसायचं, अशी रीत.

काकांना गप्प बसणं कधी जमलंच नाही. टायमरशी त्यांचं उभं वैर. "घड्याळाक काय कळता, कपडो सुको की ओलो?" कपडे कधी नीट पिळून येतात, कधी पाणी गळत येतात. मे महिन्याची हवा वेगळी, श्रावणातली वेगळी. टायमरला सगळे सारखे. काका ड्रायरच्या मागे जात, गरम हवा बाहेर पडते त्या नळकांड्याशी नाक नेत आणि वाफेचा वास सरला की मशीन धाडकन बंद करत. पुढची दहा-पंधरा मिनिटं गॅस फुकट जळतो, हे त्यांना सहन होत नसे. "कपडो सुकवूचो असता, भाजूचो नसता!" हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा ऐकलंय. एकदा झोपेतसुद्धा म्हटलं, असं माझा नवरा सांगतो.

गॅसचं बिल बघून शेठचे डोळे पांढरे झाले, तेव्हा एक इंजिनिअर डबा घेऊन आला. डब्याला एक लांब काडी. ती बाहेर जाणाऱ्या हवेच्या वाटेत बसवायची. हवेत वाफ किती आहे ते ती ओळखते, आणि वाफ सरली की ड्रायर आपोआप बंद होतो. म्हणजे काका नाकाने करत तेच, फक्त तपकीर न ओढता.

शेठने सर्वांसमोर सांगून टाकलं. एक दिवस चाचणी. जमलं तर सगळ्या ड्रायरना डबे, मग ड्रायरवर माणूस नको, परबकाकांनी महिनाअखेरीपासून आराम करावा. साठी उलटून गेलीच आहे. नाही जमलं तर डबा परत आणि टायमर आहेच.

आम्हाला वाटलं, काका त्या डब्याच्या नावाने बोटं मोडतील. छे! ते तर प्रेमातच पडले. दिवसभर इंजिनिअरच्या मागे मागे. "हेका नाक हा गो, नाक! आयुष्यभर मी काय सांगी होतंय?" डब्याचं नावही ठेवलं, बाबलो. मालवणात घरच्या पोराला लाडाने म्हणतात ते. मला तर चीड आली. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा आणि वर त्या धोंड्याचं बारसं करायचं!

चाचणीच्या दिवशी नवीन मशीनची पूजा झाली. नारळ फुटला, डब्याला हळदकुंकू लागलं, पेढे वाटले आणि टॉवेल भरून ड्रायर सुरू केला.

चाळीस मिनिटं झाली. पन्नास झाली. डबा म्हणतोय, ओलं. तासावर दहा मिनिटं गेली, तरी डब्याचं आपलं ओलंच. इंजिनिअर घामाने टॉवेलांपेक्षा जास्त भिजला. शेवटी शेठने हाताने मशीन बंद करवलं. टॉवेल बाहेर काढले तर कुरकुर वाजत होते. पोह्याचा पापड बरा!

"कल के कल निकालो ये डब्बा!" शेठ गरजले. "अपना टाइमर अच्छा है."

खरं सांगते, मला आनंद झाला. काका राहणार! मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांचा चेहरा पडलेला. त्यांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"शेठ, बाबल्याची चूक नाय. माझी हा."

ते गेले, नळकांड्याचं झाकण उघडलं आणि आतून मनगटाएवढी जाड झेंडूची माळ ओढून काढली. सकाळी दादरहून आणलेली. ताजी राहावी म्हणून बादलीत बुडवून ठेवलेली आणि सगळे पेढे खात असताना काडीला गुंडाळलेली. बाहेरून कोमेजलेली, आत अजून ओलीच.

"डब्याक तुम्ही कुंकू लावलात," काका खाली मान घालून म्हणाले, "पण काम करतलो तो आत हा. तेची पूजा कोण करतलो?"

बिचारी काडी तासभर झेंडूचा ओलावा इमानाने सांगत होती. इंजिनिअर जमिनीवर बसून हसला. शेठही हसले, मग आम्हीही.

दुसरा घाणा माळेशिवाय घातला. एकतिसाव्या मिनिटाला ड्रायर आपणहून थांबला. टॉवेल मऊसूत. शेठने काकांच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "अब आप आराम करो, काका." काकांनी हसून मान डोलावली.

मी त्यांना जिन्यात गाठलं आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "तोंड बंद ठेवता येत नव्हतं? डबा गेला असता, तुम्ही राहिला असता!"

"तेचो पैलो दिस होतो गो," ते म्हणाले. "काय एक चूक नसताना पैल्याच दिवशी तेच्यार आळ इलो असतो."

काका दोन पायऱ्या उतरले, थांबले, परत वर आले.

"बाय, त्या काडीवर कपड्यांचो बारीक कापूस बसता. तो पुसूक होयो, असा इंजिनिअर सांगी होतो. मी इलंय तर चलात? पगार नको." मग कठड्याकडे बघत म्हणाले, "घराक दोरीवर माझे एकट्याचेच कपडे असतत. काढूक कितीसो वेळ लागतलो?"

लालबागच्या त्यांच्या खोलीत काकी गेल्यापासून दुसरं कुणी नाही, हे मला माहीत होतं. पण इतकी वर्षं ते इतरांचे पडदे तपासत का फिरत होते, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

"किती दिवसांनी पुसूचो असता?" त्यांनी विचारलं.

इंजिनिअरने आठवड्यातून एकदा म्हणून सांगितलं होतं.

"रोज," मी म्हटलं. "सकाळी आठला. आणि काका, उशीर चालणार नाही."