सबनीसकाकांची मावशी

सबनीसकाकांची बेल वाजवली की दार उघडायचं नाही. बेसमेंटमधून आधी आवाज यायचा, "होल्ड करा! मावशीकडे तीन विमानं आहेत!" बाहेर बर्फ पडत असला तरी पाहुण्यानं पोर्चमध्ये थांबायचं. विमानं उतरली की काका वर यायचे आणि हुकूम सोडायचे, "बूट उजवीकडे, कोट हुकवर, चहा साखर कमी. रीडबॅक?" ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवलं नाही तर चहा मिळायचा नाही. मी अनेकदा म्हणून दाखवलं आहे.

मावशी त्यांच्या नात्यातली नाही. ऑन्टारिओतल्या आमच्या गावच्या विमानतळावर एक रडारची खोली होती. उतरायला येणाऱ्या विमानांना रांगेत लावणं हे तिचं काम. तिथली एक बाई रेडिओवर शांतपणे बोलायची, तिचं नाव काकांनी मावशी ठेवलं होतं. भराभर बोलणारा घाईकर होता. बारा महिने नाक चोंदलेला एक जण होता, त्याचं नाव ओवा. यांपैकी कुणालाही काकांनी पाहिलेलं नव्हतं.

काकांनी आयुष्य पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून काढलं. नलिनीकाकू गेल्या त्या वर्षी त्यांनी विमानांचं बोलणं पकडणारा स्कॅनर रेडिओ आणला आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत ते हवाई वाहतुकीचे तज्ज्ञ झाले. स्वतः विमानात बसायला मात्र ते घाबरायचे. मुलगी मुग्धा फ्रेंच बोलणाऱ्या भागात, ब्रॉसार्डला राहते, तिच्याकडे ते ट्रेननं जायचे.

देशाला दीडशे वर्षं झाली त्या वर्षी बातमी आली: आमच्या गावची रडारची खोली बंद होणार, तिचं काम आणि तिथली माणसं दूरच्या मोठ्या केंद्रात जाणार. शाळेच्या जिममध्ये आमचं दिवाळीचं पॉटलक होतं, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा. तिथे काकांनी ही बातमी घरात कुणी गेल्यासारखी सांगितली. लोक चिरोटे खात होते.

"अहो सबनीस," निवृत्त डॉक्टर गोरे म्हणाले, "त्या खोलीला खिडकीसुद्धा नसते. रडार इथं बघितलं काय नि तिथं बघितलं काय."

"डॉक्टर, ड्यूटीवर येताना मावशीचा मफलर भिजतो की नाही? तिकडं बसून आपलं धुकं कळणार आहे?"

"मग तुम्हीही जा की मुग्धाकडे. किती वर्षं बोलावतेय पोरगी."

हे मात्र खरं होतं. मुग्धानं त्यांच्यासाठी आपल्या घरचं बेसमेंट नीट करून घेतलं होतं. ख्रिसमसपर्यंत बाबा आले नाहीत तर ते भाड्यानं देणार, असं तिनं स्पष्ट सांगितलं होतं.

"मी गेलो तर इथं ऐकणार कोण?" काका म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

खोलीच्या शेवटच्या दिवशी काकांनी मला बोलावलं. त्यांच्या गाडीला बर्फासाठीचे विंटर टायर लावायचे राहिले होते, म्हणून माझ्या गाडीतून निघालो. त्यांच्या हातात आल्याच्या वड्यांचा डबा होता. विमानतळाच्या फाटकावर गार्डनं इंग्रजीत विचारलं, कुणाला भेटायचंय?

"मावशी," काकांनी सांगितलं.

गार्डनं आडनाव विचारलं.

 काकांनी तिचा आवाज, तिची ड्यूटी, नवख्या पायलटला ती कसं सांभाळून घेते, ते सगळं वर्णन केलं. गार्ड ऐकत राहिला. वेड्याला परत पाठवण्यापेक्षा फोन करणं सोपं, असं त्याला वाटलं असावं.

थोड्या वेळानं हिरव्या जाड कोटातली एक ठेंगणी बाई फाटकाशी आली. काकांनी डबा पुढे केला आणि गेला महिनाभर घोकलेलं भाषण सुरू केलं: तुमच्यावर अन्याय झाला आहे, गाव तुमच्या पाठीशी आहे. तिनं मध्येच त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"ओह, नो, नो," ती हसली. "आय कान्ट वेट! माझी बहीण तिकडे आहे. इथं मी एकटीच असते."

तिनं तिथेच एक वडी खाल्ली, तिखटानं पाणावलेले डोळे पुसले, 'गुड डे' म्हणाली आणि डबा घेऊन आत गेली.

 परतताना मला त्यांची थट्टा करायची होती. मावशीवर अन्याय झालाय, असं महिनाभर घोकणारा माणूस शेजारी बसला होता.

"प्रत्येक विमानाला सोडताना ती गुड डे म्हणायची," ते एकदम म्हणाले. "घाईकर खाऊन टाकायचा तो शब्द. ती पूर्ण म्हणायची. नलिनी गेल्यापासून घरात तेवढंच कुणीतरी म्हणत होतं."

मी थट्टा केली नाही.

त्यांनी मुग्धाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "येतो मी. इथलं घर विकायला काढ."

"डॅड? आर यू ओके? काय झालं?"

"काही नाही. तू काय करतेयस?"

"स्वयंपाक. मी करू का नंतर कॉल?"

"नको. फोन तिथेच ओट्यावर ठेव. माझ्याशी बोलायला नको, तू आपलं काम कर."

 मग फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. नळ सुरू झाला. तिची दोन मुलं कशावरून तरी अर्ध्या फ्रेंचमध्ये, अर्ध्या इंग्रजीत भांडत होती. कुकरची शिट्टी झाली. मी गाडी त्यांच्या दारात उभी केली, तरी काका उतरले नाहीत. मी इंजिन चालूच ठेवलं.