पंचेचाळीस जावा

सूनबाई बाहेर गेली आणि पुढच्या खोलीतला कॉम्प्युटर अण्णांच्या ताब्यात आला. दीड वर्षात पहिल्यांदाच! एरवी पुस्तकांची पानं लावायचं सगळं काम तीच करायची, आणि छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात चाळीस वर्षं घालवलेला तिचा सासरा शेजारी नुसता चष्मा पुसत बसायचा. आज मात्र जाताना ती म्हणाली होती, "अण्णा, बाईंचं आठवणींचं पुस्तक एकदा नजरेखालून घाला. पाचला त्या छपाईच्या मंजुरीची सही करायला येतील." बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. काम चोख झालं तर पुढची फाइलही आपल्यालाच मिळेल, असं अण्णांनी मनाशी धरलं.

पहिल्याच पानावर त्यांचं डोकं फिरलं. मशीन ओळीच्या शेवटी शब्द तोडतच नव्हतं. लांब शब्द मावला नाही की खाली ढकलायचा आणि वरची ओळ ताणून बसवायची. दोन शब्दांच्या मधे म्हैस बसेल एवढी जागा! "ह्याला काय अक्षरजुळणी म्हणतात?" असं भिंतीला विचारून अण्णा बाह्या सरसावून बसले. शब्द तोडायचा, पुढे छोटी आडवी रेघ टाकायची, की ओळ कशी घट्ट बसते! साठच्या साठ पानं त्यांनी अशी स्वतःच्या हाताने आवळून काढली. जेवायचंही राहून गेलं.

चारला सूनबाई परतली. पानं बघून "वा!" म्हणाली. अण्णांची छाती फुगली. तेवढ्यात बाईंचा फोन आला, की नमुन्याच्या पानावरचं अक्षर बारीक वाटतंय, जरा मोठं करा. सूनबाईने मोठं केलं. सगळ्या ओळी सरकल्या आणि शेवटी टाकलेल्या रेघा मधोमध येऊन बसल्या. कुठे 'शा-ळेत', तर कुठे 'खुर्-ची'.

"अण्णा, ह्या रेघा तुम्ही हाताने टाकल्यात?"

"मग काय पायाने?"

"अहो, मशीनला नुसतं सांगायचं असतं, शब्द तोड म्हणून. मग अक्षर मोठं झालं की ते आपलं आपण नव्याने तोडतं. जुनी फाइल कुठाय?"

"तिच्यावरच सेव्ह केलं. दोन-दोन प्रती ठेवून घोळ कशाला?"

सूनबाईने कपाळाला हात लावला आणि छापखान्याकडून एक दिवस मागून घ्यायला फोन घेऊन ती गॅलरीत गेली. अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेली आता पुढची फाइल! आपण केलेली घाण आपणच काढावी म्हणून त्यांनी खटपट केली, तर एखादी खूण सगळीकडून एकदम पुसायची सोय सापडली. त्यांनी रेघ दाखवली, 'सगळ्या' म्हटलं आणि पुन्हा सेव्ह केलं. पानं लख्ख झाली.

पाचच्या ठोक्याला बाई हजर. तिसऱ्या पानावर त्यांची भुवई वर गेली.

"मी वयाच्या ८९व्या वर्षी पोहायला शिकले?"

अण्णा पानावर वाकले. त्यांच्या रेघांबरोबर बाईंच्या स्वतःच्या रेघाही गेल्या होत्या! आठ-नऊचे एकोणनव्वद झाले होते.

"आणि रोज २३ मुलांना छडी मारायचे? दोन-तीन हो! एवढ्यांना मारलं तर शिकवू कधी?" बाईंनी पान उलटलं. "लग्न होऊन आले तेव्हा सासरी ४५ जावा होत्या..."

अण्णा उभे राहिले. "बाई, चूक माझी आहे. सुनेचा ह्यात काही संबंध नाही. काय बोलायचं ते मला बोला, पण काम दुसरीकडे नेऊ नका."

बाईंचे खांदे हलत होते. मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, तेव्हा कळलं की त्या हसताहेत.

"चार-पाचच होत्या हो. पण वाटायच्या पंचेचाळीसच! जन्मात मला हे असं लिहायला जमलं नसतं. एवढं राहू द्या. बाकीचं मी घरी नेऊन तपासते, आयुष्यभर तेच केलंय."

बाई गेल्या. अण्णांना सुनेकडे बघवेना. "उद्यापासून मी आपला मागच्या खोलीत बसेन," ते पुटपुटले.

सकाळी तिने त्यांना हाक मारली. नवी फाइल उघडून ठेवली होती.

"मला?"

"तुम्हालाच."

"अगं, पुन्हा काही तोडून ठेवलं म्हणजे?"

"कवितासंग्रह आहे, अण्णा. एकही ओळ पानाच्या कडेपर्यंत पोचत नाही."