‘फेअर’चे विरुद्ध: तीन बरोबर, नऊ चूक

ज्ञान मोजल्याशिवाय त्याचा सार्वजनिक कामात उपयोग होत नाही, हे सर्वमान्य आहे. (मला मान्य व्हायला जरा वेळ लागला, पण मला सगळ्यालाच लागतो.)

सन १८८३ मध्ये कल्याणच्या एका इंग्रजी शाळेत दुय्यम मास्तराची जागा निघाली, तेव्हा ठाण्यात तिघांची परीक्षक कमिटी नेमली गेली. अध्यक्ष अण्णा वकील. दुसरे राघोपंत, कचेरीतले पेन्शनर कारकून. तिसरा मी, घरी इंग्रजी कोश होता म्हणून.

उमेदवार दोन. कोपरीच्या मिठागरावरचा, पाद्रीबाबांकडे इंग्रजी शिकलेला पायस. आणि अण्णांचा भाचा मधु. (या योगायोगाची कमिटीने नोंद घेतली.) शेवटच्या प्रश्नापर्यंत दोघांचे गुण सारखे होते. शेवटचा प्रश्न: ‘फेअर’ या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द लिहा.

पायसने चार लिहिले. गोऱ्याच्या उलट काळा, न्याय्याच्या उलट अन्याय्य, निरभ्र हवेच्या उलट वादळी आणि पक्क्या प्रतीच्या उलट कच्ची. सगळे इंग्रजीत, वळणदार अक्षरात. मधुने जागा कोरी सोडली.

“फेअर म्हणजे न्याय्य,” अण्णा म्हणाले. “तीस वर्षं कोर्टात तेच ऐकतोय.”

“छे हो! फेअर म्हणजे पक्की प्रत,” राघोपंत म्हणाले. “पेन्शनीपर्यंत दुसरं केलं काय मी?”

मी कोश पाहिला. त्यात चारही अर्थ होते. पण कोश जुना, आणि शिवाय माझा. मी हळूच म्हणालो, “हवा.” (गोरेपणाचा अर्थ कोणी घेतला नाही. कमिटीत कोणास तसा अनुभव नव्हता.)

आमची पद्धत अशी, की कोणी कोणाचे मत खोडायचे नाही. सर्वांची बेरीज करायची. त्यामुळे कमिटीत कधी भांडण होत नाही. प्रत्येकाला पायसचे एक उत्तर बरोबर व तीन चूक आढळली. एकूण बरोबर तीन, चूक नऊ. वजाबाकी उणे सहा. मधुचे बरोबर शून्य, चूक शून्य. उणे सहापेक्षा शून्य मोठे. हिशेब मीच केला आणि दोनदा तपासला.

पायस भेटायला आला. “अण्णासाहेब, चारातलं चुकलं कुठलं, तेवढं सांगा.”

“अरे, सुटं सुटं धरलं तर एकही नाही,” अण्णा मायेने म्हणाले. “एकूणात चुकलं.”

“मग मधुचं बरोबर काय आलं?”

“त्याचं चुकलं काय, ते दाखव की!”

फेरतपासणीची सोय होती. इंग्रजी जाणणाऱ्या दहा प्रतिष्ठितांच्या सह्यांचा अर्ज हवा, आठ दिवसांत. पायस टेंभी नाक्यापासून कल्याणपर्यंत दहा घरी गेला. सगळ्यांनी त्याला पाणी विचारले (ओंजळीत), “तुझंच बरोबर” म्हणाले, आणि अण्णा वकील कसे आहेत, याची चौकशी केली. माझ्याकडे तो आलाच नाही. मी आजारी असल्याचा निरोप आधीच पाठवला होता.

मधु हल्ली कल्याणास शिकवतो. पायस मीठ ओढतो. अर्ज मात्र कमिटीच्या दप्तरात माझ्याकडे आला आहे, सह्यांची जागा कोरी. वाचकहो, एवढे वाचून आपण मनातून पायसच्या बाजूचे झाला आहात, हे मी जाणतो. ते दहाही जण त्याच बाजूचे होते.