अकरा मिनिटांचा बोगदा

लेखकाला गाडी लागायची. तरी त्याच्या पाचही कादंबऱ्या रेल्वेतच घडत. गॅलरीतल्या खुर्चीत बसून, मांडीवर वेळापत्रक पसरून तो त्या लिहायचा. ताज्या कादंबरीत खुनासाठी अंधार हवा होता, म्हणून त्याने दोन स्टेशनांच्या मध्ये अकरा मिनिटांचा बोगदा खणला. खुनाला दहाच मिनिटं पुरत होती, पण हात धुवायलाही वेळ नको का?

वाचक हौसेने पुस्तक घेऊन त्या गाडीत बसले. बोगदा काही आला नाही.

प्रकाशकाचा फोन आला. "तिथं नुसती सपाट शेतं आहेत म्हणे. लोक पुस्तकं परत आणून देताहेत. बोगद्याचा कागदोपत्री पुरावा आणा, नाहीतर दुसरी आवृत्ती विसरा. पुढचं पुस्तकही."

"एकदा जाऊन बघून यायचंत," बायको म्हणाली.

"मला मळमळतं, माहितीये ना तुला."

"मग खून घरातच करायचा होता."

एखादा जुना, बुजलेला बोगदा दप्तरात सापडतो का, हे बघायला लेखक रेल्वेच्या तक्रार विभागात गेला. बोगद्याचं नाव काढताच कारकुनाने मान वर न करता एक छापील पत्र पुढे सरकवलं. 'सदर बोगदा दुरुस्तीसाठी तात्पुरता बंद आहे.'

"अहो, पण तो नाहीच आहे. मी मनाने लिहिलाय."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "हळू बोला. 'नाही' असं लिहायला मोठ्या साहेबांची सही लागते, आणि साहेब तीन महिने दौऱ्यावर. 'दुरुस्ती' मी माझ्या अधिकारात लिहू शकतो. चव्वेचाळीस तक्रारी तशाच निकाली काढल्या. आता वरून विचारणा झालीय, दुरुस्ती संपणार कधी? पाहणीला इंजिनिअर नेमलाय. माझी नोकरी जाणार हो."

लेखकाला त्याची मनापासून दया आली. थाप दोघांचीही एकच होती.

"मग करायचं काय?"

"तुम्ही खणलात, तुम्हीच पाडा. दुसऱ्या आवृत्तीत एक प्रकरण वाढवा. मी फाईलला जोडतो."

ते छापील पत्र पाहून प्रकाशकाने आवृत्ती छापायला घेतली. नव्या प्रकरणात खुनी पळत असताना बोगदा कोसळला. इंजिनिअरने ते प्रकरण टेबलावरच वाचलं आणि 'प्रत्यक्ष पाहणी केली, बोगदा अस्तित्वात नाही' असा शेरा मारला. फाईल बंद झाली.

पंधरा दिवसांनी बायकोने एका वाचकाचं पत्र वाचून दाखवलं. "'काल मुद्दाम त्या गाडीने गेलो. बोगद्याचा ढिगारा अगदी स्पष्ट दिसला. फक्त तो डाव्या खिडकीतून दिसतो, तुम्ही उजव्या लिहिलंय.'"

लेखकाने पुस्तक उघडलं आणि 'उजव्या' खोडलं.