गेलाडन प्रकरण, अर्थात झोपाळ्याची मोहीम

बाळांनो, अंमळ डोळे मिटा आणि कल्पना करा. डान्यूब नदीचे काठी इंगोलश्टाट नामे नगर, जेथे घरटी एक इंजिनियर. त्या नगरात एक लहानसे अंगण, अंगणावर लाकडी छप्पर, आणि छपराचे तुळईस चार लोखंडी कड्या. कड्या रिकाम्या. त्यांखाली आठ वर्षांची अन्वीबाई उभी राहून वर पाहते आहे. इतके दिसले म्हणजे डोळे उघडावे आणि पुढील हकीकत सावधपणे ऐकावी, कारण एका शब्दाने दोन गाड्या, चार माणसे आणि एक कुंपण यांस कैसे फिरविले, ते येथे लिहिले आहे.

त्या कड्या सहज बसल्या नव्हत्या. अन्वीचे तीर्थरूप राजश्री उत्कर्षराव यांनी घरमालकास अकरा खलिते लिहिले, आणि मालकाने तुळईची जाडी, कडीची जाडी आणि मुलीचे वजन विचारिले, आणि मग परवानगीचे फर्मान सुटले. मात्र झोपाळा नव्हता. तो होता न्युरेम्बर्गी, नीताकाकूंचे ओसरीवर: सागवानी फळी, सहा फूट लांब, पितळी साखळ्या. नीताकाकू घर सोडून लेकाकडे राहावयास निघाल्या होत्या. त्यांनी फोनवर बजाविले, “उत्कर्ष, शनिवारी दोनच्या आत ने हो बाबा. दोनला एक कॅफेवाला येणार आहे. त्याला त्यावर कुंड्या ठेवायच्यात.”

झोपाळ्यावर कुंड्या! हे वर्तमान ऐकून अन्वीबाईंनी दोन दिवस दूध प्यावयाचे सोडिले.

घरच्या लहान मोटारीत सहा फुटी फळी मावेना. सबब मसलत भरली आणि मातोश्री ईश्वरीबाई न्यायासनी बसल्या. मैदानात पिकअप गाड्या दोन. एक शेजारी हेर, म्हणजे जर्मन भाषेत श्रीयुत, ब्रांडल यांची, निव्वळ विजेवर चालणारी. दुसरी उत्कर्षरावांचे स्नेही सिद्धेशराव यांची, हायब्रिड, म्हणजे जिचे पोटात पेट्रोलचे इंजिन आणि बॅटरी दोन्ही सुखाने नांदतात.

उत्कर्षराव विजेचे पक्षाचे. त्यांनी अर्ज केला की इजला धूर नाही, आवाज नाही, ओढ हत्तीची, रात्रभर घरी भरावी आणि सकाळी कूच करावे. शिवाय मागील हौद्यात सॉकेट आहे, तेथून वाटेल ते यंत्र चालते. सिद्धेशराव हसले आणि प्रतिअर्ज केला की हौद्यात ओझे घातले आणि वेगाने हाकली की इची मजल झरझर आटते, आणि वाटेत भरावयाची तर अर्धी घटका नव्हे, जेवण उरकून वामकुक्षी होते.

“तुझी चार्ज होईपर्यंत मी प्रागला जाऊन परत येईन रे,” असा टोलाही त्यांनी दिला.

यावर ईश्वरीबाईंनी हायब्रिडची जबानी घेतली. जवळचे पल्ले विजेवर, दूरचे पेट्रोलवर, मध्येच अडकावयाची धास्ती नाही, हे गुण कबूल झाले. मग त्यांनी पुसले, “सिद्धेश, तुझी चार्जिंगची केबल कुठंय?”

सिद्धेशरावांस कबुली देणे प्राप्त झाले. केबल दोन वर्षे प्लास्टिकाचे पिशवीतच होती. म्हणजे गाडी पेट्रोल पिऊन चाले, आणि बॅटरी जड पाहुण्यासारखी फुकट बसून हिंडे. देखभाल मात्र दोहोंची. निकाल लागला की स्वारीस विजेची गाडी न्यावी आणि हायब्रिड राखीव ठेवावी.

आता तो शब्द येतो, बाळांनो, कान द्या. शुक्रवारी सायंकाळी उत्कर्षराव फोनवर गुंतले होते, म्हणून त्यांनी कन्येस हुकूम केला, “अन्वी, ब्रांडलआजोबांना विचारून ये, गाडी भरली का?” अन्वीबाई कुंपणाशी गेल्या आणि जर्मन भाषेत पुसत्या झाल्या, “हाबेन झी गेलाडन?” म्हणजे भरलेत का? ब्रांडलसाहेब छाती फुगवून म्हणाले, “गेनाऊ! बिस ओबेन हिन!” अन्वीने येऊन कळविले, “हो बाबा, अगदी वरपर्यंत.” आणि सर्व निश्चिंत निजले.

शनिवारी बारास पितापुत्री निघाले. हौद्यावर ताडपत्री घट्ट बांधलेली, ती कोणी सोडून पाहिली नाही. गाडी परकी. समोरील पडद्यावर मोठा आकडा दिसे, अडतीस. उत्कर्षराव म्हणाले, “बापरे, बाहेर अडतीस डिग्री! श्रावणात!” आणि त्यांनी थंड हवेचे यंत्र पराकाष्ठेस नेले आणि महामार्गी गाडी एकशे चाळीसने सोडिली. पुढे आकडा तीस झाला. “हवा सुधारतेय,” राव वदले. मग बावीस झाला. अन्वीबाई कुडकुडत जॅकेट घालून बसल्या. आकडा तेरावर आला, तेव्हा त्या म्हणाल्या, “पापा, दास इस्ट प्रोत्सेंट.”

“काय?”

“ती डिग्री नाहीये. टक्के आहेत.”

रावांचा चेहरा उतरला. पुढील विश्रांतिस्थळी गाडी चार्जिंगच्या खांबाशी लागली, त्या वेळी साडेबारा. तितक्यात वारा सुटून ताडपत्रीचा कोपरा उडाला, आणि आतून एक हिरवी फांदी बाहेर येऊन हलू लागली. राव धावले, दोर सोडिले, आणि पाहतात तो काय! ब्रांडलसाहेबांचे अखंड हिरवे कुंपण, म्हणजे झुडुपांची छाटणी, ओली, मातीसह, हौद्यात वरपर्यंत दाबून भरलेली.

दोष कोणाचा? कोणाचाच नव्हे. जर्मन भाषेत गेलाडन म्हणजे वीज भरलेली, आणि गेलाडन म्हणजेच माल भरलेला. आपले मराठीत तरी काय वेगळे? गाडी भरली म्हणजे कशाने, हे गाडी सांगत नाही. बाप एक विचारता झाला, पाला वाटेत कचराडेपोत टाकून मग पुढे जातील अशा समजुतीने शेजारी दुसरे सांगता झाला, आणि मधली दूत दोन्ही भाषांत खरे बोलली.

अन्वीबाईंचे डोळे भरले, आणि ते कशाने हे सांगणे न लगे. “आता कुंड्या,” इतकेच त्या म्हणाल्या. महामार्गी पाला टाकणे जर्मन मुलुखात घोर अपराध. आणि फळी ठेवावयास तर वीतभर जागा नाही. रावांनी मान खाली घालून सिद्धेशरावांस फोन केला.

“प्राग राहू दे, न्युरेम्बर्गला ये. लगेच.”

“आल्झो, अखेर आली का आठवण?” म्हणून सिद्धेशराव जे निघाले, ते वाटेत कोठेही न थांबता, इंजिन गर्जवीत, दीडला नीताकाकूंचे दारी हजर. उत्कर्षरावांची स्वारी अर्धवट वीज भरून पाच मिनिटे मागून पोहोचली. राखीव फौजेने लाज राखिली, हे लिहून ठेवणे प्राप्त आहे.

परंतु संकट सरले नव्हते. झोपाळ्याचे चारही बोल्ट गंजून तुळईशी एकजीव झाले होते. नीताकाकूंनी कटर काढून दिला, परंतु घर सोडावयाचे म्हणून त्यांनी वीज आदल्या दिवशीच बंद करविलेली. सिद्धेशराव आपले हायब्रिडभोवती फिरून आले. तीत सॉकेटच नव्हते. पावणेदोन झाले. काकू म्हणाल्या, “अरे, तो माणूस जर्मन आहे. दोन म्हणजे दोन.”

तेव्हा उत्कर्षराव ओरडले, “हौद्यात आहे की सॉकेट!” होते खरे, परंतु कुंपणाखाली, अगदी तळाशी. मोठ्यांचे हात पोहोचेनात. मग अन्वीबाईंनी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढिली, वायरीचे टोक दाती धरिले, आणि त्या पाल्यात शिरल्या. प्रथम डोके गेले, मग कंबर, मग बूटही दिसेनात. आतून हाक आली, “मिळालं!”

कटर गरजला. ठिणग्या उडाल्या. पहिला बोल्ट पडला, दुसरा, तिसरा. आणि चौथा पडला तेव्हा फाटकात कॅफेवाला सहा कुंड्या घेऊन उभा होता. घड्याळात एक वाजून एकोणसाठ. त्याने घड्याळ पाहिले, फळी पाहिली, आणि केसांत पाने, नाकावर माती अशी पाल्यातून निघालेली अन्वीबाई पाहिली, आणि मुकाट्याने कुंड्या परत उचलिल्या. नीताकाकूंनी त्यास चहा दिला. तह झाला.

येणेप्रमाणे शके एकोणीसशे सत्तेचाळीस, श्रावणमासी, मंदवारी, दोन प्रहरी, झोपाळा फत्ते जाहला. फळी हायब्रिडवर चढून इंगोलश्टाटी आली, सबब वाहून आणिल्याचा मान तिचा. बोल्ट विजेचे गाडीने तोडविले, सबब सोडविल्याचा मान तिचा. कुंपणाने न्युरेम्बर्ग पाहून घरी परतण्याचा मान ब्रांडलसाहेबांचा. सिद्धेशरावांनी त्याच सायंकाळी केबल पिशवीतून काढिली, हेही दफ्तरी नोंदले असे.

पुढील शनिवारी अन्वीबाई झोपाळ्यावर पाय हालवीत बसल्या होत्या. साखळ्या किणकिणत होत्या. उत्कर्षरावांस नीताकाकूंचे कपाट आणावयाचे होते, म्हणून त्यांनी कुंपणापलीकडे आवाज दिला, आणि ब्रांडलसाहेबांनी अंगठा उंचावून सांगितले, “गेलाडन!”

अन्वीबाईंनी पाय टेकून झोपाळा थांबविला. चपला घातल्या. फाटकातून पलीकडे गेल्या, “वोमिट?” म्हणजे कशाने, असे पुसले, आणि उत्तराची वाट न पाहता ताडपत्रीचा कोपरा उचलून आत डोकावल्या.