रिकामा ताबा

लोणावळ्याचा बंगला मी आबा वाळंजांना चुकवून विकत घेतला, आणि खरेदीखतात ‘रिकामा ताबा’ हे दोन शब्द हट्टाने घालून घेतले. त्या दोन शब्दांनी एका म्हातारीचे घर गेले. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे मी गमतीजमती सांगू लागलो की मी बरा माणूस आहे असा वाचकांचा समज व्हायचा.

आबा बंगल्यांचे दलाल. राहायला कुसगावात. धोतर, काळी टोपी, वर कुणा पारशी साहेबाने जाताना दिलेला कोट, आणि कोटाच्या खिशांत पंधरा-वीस बंद बंगल्यांच्या किल्ल्या. आबा दिसायच्या आधी वाजत. एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमारास मुंबईकरांना लोणावळ्यात घर घेण्याचे वेड लागले होते. बाकीचे दलाल गिऱ्हाइकाला मे महिन्यात आणून तळ्याकाठी उभे करीत, त्याच्या अंगावर गार वारा सोडीत आणि इसार खिशात घालीत. आबा त्याच गिऱ्हाइकाला तळ्याकडे पाठ करून उभे करीत आणि घराची निंदा सुरू करीत.

“आदी वाईट बगा,” ते म्हणत. “चांगलं काय पळून जातंय व्हय?”

मग वाळवी कुठल्या चौकटीत आहे, पाऊस कुठली भिंत झोडपतो, शेजारचा कुत्रा कुणाकुणाला चावला आहे, हे सगळे यथासांग. एका कापडवाल्या शेठला त्यांनी झोपायच्या खोलीत फरशीवर उताणे निजवले आणि आढ्याचे तडे मोजायला लावले. शेठ सहापर्यंत पोचले, उठले, कपडे झटकले आणि थेट स्टेशनकडे चालू लागले. अजून चार राहिलेत, असे आबा मागून सांगत होते.

निंदा आटोपली की परीक्षा. वर्षातून किती दिवस येणार, हा त्यांचा आवडता प्रश्न. दिवाळीत आठ दिवस आणि मे महिन्यात पंधरा, असे सांगणाऱ्यावर आबा खूश. त्याला ते वाळवीसुद्धा हळू आवाजात सांगत. पण कुणी घरावर जीव टाकून ‘आम्ही कायमचेच राहायला येणार’ म्हणाला, की आबांना त्या घरात साप दिसू लागत. मला हे शुद्ध वेडेपण वाटले. मी विमा कंपनीत होतो. दुसऱ्यांच्या घरांना काय काय होऊ शकते याचा अंदाज बांधण्याचा मला पगार मिळे; त्यामुळे माणसांतले मला फारसे कळत नसे.

वलवणच्या तळ्याजवळचा तीन खोल्यांचा बंगला मी पाहिला आणि पाहताक्षणी वेडा झालो. आबांनी मला धामण कुठून येते ते दाखवले, वाऱ्याने कुठली कौले उडतात ते दाखवले. मी ढळलो नाही. परीक्षेत तर मी छाती फुगवून उत्तर दिले, की दर शनिवारी येईन, रिटायर झालो की कायमचाच येईन, आणि बागेचे काम स्वतःच्या हाताने करीन. आबांचा चेहरा पडला.

“मंग हे न्हाई तुमचं,” ते म्हणाले आणि कुलूप लावू लागले.

मागच्या बाजूला माळ्याची एक खोली होती. माळी जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्याची बायको तिथे राहत होती. तिने आम्हाला बिनदुधाचा चहा दिला. मी चहा पिताना खोलीची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजली आणि तिथे मनातल्या मनात माझी मोटार उभी केली. मोटार माझ्याकडे नव्हती.

आबा हा बंगला कुणा बड्या गिऱ्हाइकासाठी दाबून ठेवत आहेत, असे मी ठरवले. पुढच्या आठवड्यात एकटाच गेलो आणि त्या बाईला म्हणालो, मावशी, मालकांना पत्र लिहायचे आहे, पत्ता आहे का? मावशीने पत्र्याच्या पेटीतून एक जुने पाकीट काढले, पदराने पुसले आणि माझ्या हातात दिले. “माज्या खोलीवरची दोन कौलं फुटल्याती,” ती म्हणाली. “त्येवडं बी लिवा.”

मी मालकांना चार पानी पत्र लिहिले. त्यात कौले नव्हती.

मालक मुंबईत थकलेले, घर विकायला उत्सुक. आबांची दलाली वाचली म्हणून मी इतका खुशीत होतो, की वकिलाला माझी हुशारी दाखवायची म्हणून ते दोन शब्द घालायला लावले; म्हणजे आत कुणी राहत असेल तर त्याला मालकानेच आधी बाहेर काढायचे. एप्रिलमध्ये ताबा घ्यायला गेलो, तर मागची खोली रिकामी. जमीन ताजी सारवलेली, चूल पुसून स्वच्छ केलेली. वा, म्हटले, काय शिस्त आहे. मावशी कुठे गेली, हे मी विचारले नाही. किल्ल्या द्यायला आबा आले होते. या वेळी त्यांनी घराला एकही नाव ठेवले नाही.

“घर चांगलं हाय,” एवढेच म्हणाले आणि गेले. तेव्हाच मी घाबरायला हवे होते.

जूनमध्ये घर बंद केले आणि ऑगस्टमध्ये सुटी काढून आलो. दार फुगून बसले होते; खांद्याने उघडले. गाद्यांवर अळंबी उगवली होती. माझ्या पुस्तकांना मिशा फुटल्या होत्या. भिंतीवरच्या फोटोत वडिलांचा चेहरा गेला होता, पगडी तेवढी शिल्लक होती. बाहेर येऊन पाहतो, तर धुक्यात आजूबाजूच्या सगळ्या बंद बंगल्यांच्या कौलांतून धूर निघत होता. फक्त माझ्या नव्हता.

भिजत कुसगाव गाठले. आबा ओटीवर बसले होते. धूर कसला, म्हणून मी विचारले. त्यांनी अगदी शांतपणे सांगितले, की पावसाळ्याचे चार महिने माळ्याची माणसे बंद घरात रोज खोली-खोलीतून शेगडी फिरवतात, गाद्या उलटतात. तसे केले नाही तर इथले घर एका पावसात कुजते. तुमचे घर तीस वर्षे मावशीने सुकवले. “मालक धा-पंधरा दिस येनारा असला म्हंजी मागची खोली ऱ्हाती,” ते म्हणाले. “कायमचं येनारं आलं की पयली तीच जाती.”

आता कुठे माझ्या डोक्यात ती परीक्षा शिरली. मला तेव्हाच का नाही सांगितलेत, असे मी जरा चिडूनच विचारले.

“सांगितलं असतं तर तुमी म्हनला असता, असू द्या म्हातारीला. घेताना समदेच म्हंत्यात.”

आबांचे घर दोन खोल्यांचे. एका खोलीत खंडाळ्याच्या एका विकल्या गेलेल्या बंगल्यातले माळी-माळीण होते. दुसरीत चुलीपुढे मावशी भाकरी करीत होती. आबांचे अंथरूण ओटीवर, पाऊस आत येऊ नये म्हणून टांगलेल्या गोणपाटाच्या आडोशाला. गोणपाट भिजून लोंबत होते. खुंटीवर पारशी कोट होता, त्याचे खिसे किल्ल्यांनी फुगलेले. हे असे किती दिवस, म्हणून मी विचारले. आबा म्हणाले, एकट्या मानसाला कितीशी जागा लागती.

मी आत गेलो. खोकलो. म्हणालो, “मावशी, परत चला. खोली तुमचीच आहे. कौले घालून देतो. हवे तर कागदावर लिहून देतो.”

मावशीने तव्यावरची भाकरी उलटली, फुगेपर्यंत थांबली. मग माझ्याकडे न बघता ओटीकडे तोंड करून आबांना म्हणाली, “घर वलं झालं म्हून आलंय त्ये. सुकं ऱ्हायलं असतं तर आलं नसतं.”